पाठ झालेली अक्षरं

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करायची, हा नेम कुमुदनं दिल्लीत उभा संसार करूनही सोडला नव्हता. आता पेन्शनरांच्या घरात तलवारी थोड्याच असणार? द्वारकेतल्या त्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हत्यारं म्हणजे विळी, कात्री, स्कूटरची किल्ली, मुलीचा पेचकसांचा डबा आणि नवऱ्याचा नकाशे काढायचा पितळी कंपास. सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल वाहायचं आणि त्या दिवशी त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. वर्षातून एक दिवस हत्यारांनाही रजा. यंदा पाटाच्या मधोमध लॅपटॉप होता.

"यांचा आवाज आहे तो," कुमुद म्हणाली. "पहिला मान त्याचाच."

केतकीला देवाधर्माचं फारसं नव्हतं. ती गुडगावच्या एका कंपनीत यंत्रांच्या चाचण्या घ्यायची आणि जे तपासता येत नाही त्यावर बोलायचंच नाही, असा तिचा खाक्या होता. पण आईच्या या बोलण्यात खोड काढण्यासारखं काही नव्हतं.

जानेवारीत केतकीच्या बाबांना, श्रीरंगरावांना, मेंदूचा झटका आला आणि डोळे सोडून सगळं शरीर संपावर गेलं. ऐकू येत होतं, दिसत होतं, कळत तर सगळंच होतं. फक्त जीभ आणि हातपाय त्यांचे राहिले नव्हते. हो म्हणायचं तर एकदा पापण्या मिटायच्या, नाही म्हणायचं तर दोनदा. जन्मभर केंद्र सरकारच्या नकाशांच्या खात्यात रेषेचा केसभर फरक खपवून न घेतलेला माणूस असा हो-नाहीवर आला. मार्चमध्ये केतकीनं खटपट करून हे यंत्र जमवलं. लॅपटॉपच्या पडद्यावर मोठाली अक्षरं, पडद्याच्या खालच्या कडेला डोळ्यांची हालचाल टिपणारी काळी पट्टी. ज्या अक्षरावर नजर रोखावी ते उमटायचं, वाक्य झालं की 'बोल' या खुणेकडे बघायचं आणि पलंगाच्या कठड्याला अडकवलेला बिनतारी स्पीकर ते वाक्य बोलून दाखवायचा.

सुरुवातीला बाबा दमायचे, चुकायचे. 'पखा बंद', 'पाट खाजते', 'नक'. एका शब्दासाठी चहा निवून जायचा. मग मे महिन्यात एका सकाळी स्पीकर स्वच्छ म्हणाला, "कुमुद, तू माझ्यासाठी फार केलंस."

आई हातातली वाटी धरून जागीच उभी राहिली. लग्न झाल्यापासून नवऱ्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. 'ऐकलंस का' आणि 'अगं ए' यांवर दोघांचं आयुष्य भागलं होतं. त्या दिवसापासून यंत्र घडाघडा बोलू लागलं, आणि पडद्यावर काय उमटतंय ते बघायची कोणाला गरज उरली नाही. साडी छान दिसते म्हणू लागलं, दुपारी जरा पड म्हणू लागलं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आपण उगाच ओरडलो होतो म्हणून माफीसुद्धा मागून झाली. आई दहा वर्षांनी लहान झाली. केतकीला आनंदच झाला. आजारपण माणसाला मऊ करतं म्हणतात ते खोटं नाही, एवढंच तिनं मनात म्हटलं. बाबांच्या डोळ्यांतून हल्ली वेळीअवेळी पाणी वाहायचं, पण अशा झटक्यानंतर रडू आपोआप येतं, त्याचा दुःखाशी संबंध असतोच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

तर त्या नवमीला बाहेर जिन्यात शेजारच्या मल्होत्रांकडे कन्यापूजनाला आलेल्या मुली धावत होत्या, आणि आत कुमुदनं लॅपटॉप उघडून त्याच्या कळांवर, त्यांवरच्या अक्षरांवरसुद्धा अक्षता टाकल्या. अक्षरं म्हणजे सरस्वती. ती कोरडी कशी ठेवायची? नमस्कार करून तिनं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून तळहातानं दाबलं.

पापड मोडावा तसा आवाज झाला.

"आई!" केतकी पोळपाट सोडून धावली.

झाकण उघडलं तेव्हा पडद्याच्या उजव्या अंगाला एक बारीक चांदणी पडली होती आणि तिच्यातून काळी शाई झिरपावी तसा डाग पसरत होता. बघता बघता तो अक्षरांवरून गेला. थोड्या वेळानं मागचा उजेडही विझला आणि पडदा पाटीसारखा काळा झाला.

कुमुद मटकन खाली बसली. "मी त्यांचा आवाज बंद केला," ती म्हणाली. "माझ्या हातानं केला गं."

"आधी तपासू, मग रडू," केतकी म्हणाली. तिनं पेचकसाच्या डब्याकडे हात नेला, तेवढ्यात त्या अवस्थेतही आईनं तिचं मनगट धरलं. "आज नाही. आज हत्याराला हात नाही लावायचा."

यावर वाद घालून फायदा नव्हता. केतकीनं पाटावर नसलेल्या वस्तूंवर भागवलं. टीव्हीची केबल लॅपटॉपला जोडली. टीव्हीवर सगळी अक्षरं स्वच्छ आली, म्हणजे यंत्राचा मेंदू शाबूत होता. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून काळ्या पडद्यात पाहिलं. खोल पाण्यात दिसावीत तशी अंधुक अक्षरं होती. झाकण पुढेमागे करून पाहिलं. लुकलुक नाही, म्हणजे बिजागरीतली केबल ठीक. शेवटी 'ळ' आणि एंटर यांच्या फटीत तिला अपराधी सापडला: कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक अख्खा दाणा. बाकीच्यांचं पीठ झालं होतं, हा टिकला होता.

"पडद्याचा पॅनल बदलायला लागेल," ती म्हणाली. "बाकी काही गेलेलं नाही. दोन-तीन दिवस."

"तोवर?"

तोवरचा इलाज नव्हता. टीव्हीएवढ्या मोठ्या पडद्यावरची नजर त्या काळ्या पट्टीला टिपता येत नव्हती, आणि केतकीचा स्वतःचा लॅपटॉप ऑफिसचा. त्यात परवानगीशिवाय टाचणीही टोचता येत नव्हती. तोवर पापण्यांची भाषा, दुसरं काय? तरीही लॅपटॉप तिनं बाबांच्या पलंगापुढच्या स्टँडवर नेऊन ठेवला, कारण रिकामा स्टँड बघून आई पुन्हा रडली असती. पट्टी बसवली. काळ्या पडद्यात बाबांचा चेहरा दिसत होता.

"बाबा, दोन दिवस सांभाळून घ्या," ती म्हणाली.

आणि स्पीकर म्हणाला, "घाबरू नका गं. मला अक्षरं पाठ झाली आहेत."

कुमुदनं दोन्ही हात तोंडावर नेले. मग ती हसायला लागली, रडत रडत. "पाठ झाली म्हणतायत! बघ केतू! तू टाइप करताना खाली बघतेस का? तसंच ते."

आणि ते पटण्यासारखंही होतं. डोळे टिपणारी पट्टी काही पडद्यावर अवलंबून नव्हती. नकाशे काढण्यात हयात गेलेल्या माणसाला 'क' कुठे आणि 'म' कुठे हे आठवत असेल तर नवल ते काय? केतकीनं जाऊन सगळ्यांसाठी श्रीखंड वाढलं. बाबांना नळीतून अन्न जायचं, म्हणून त्यांच्या वाटीचं आईनं खाल्लं.

दसऱ्याच्या सकाळी मात्र तिच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. आई पलंगाशी बसून आपट्याऐवजी सोसायटीतल्या कांचनाची पानं निवडत होती आणि स्पीकर तिच्याशी बोलत होता. इकडचं तिकडचं, कोणत्या वर्षी कोणाकडे सोनं द्यायला गेलो होतो वगैरे. केतकी दारात उभी राहून ऐकत होती. चाचण्या घेणाऱ्या माणसाचा कान चुकीवर असतो, आणि इथे चूकच येत नव्हती. मार्चमध्ये पडदा समोर असताना हा माणूस 'पंखा'तला अनुस्वार विसरत होता. आता अंधारात काळ्या पाटीकडे बघून तो जोडाक्षरंसुद्धा बिनचूक लिहीत होता, आणि आईचं वाक्य संपतं न संपतं तोच.

ती पलंगाजवळ गेली. बाबांची नजर पडद्याकडे नव्हतीच. ते तिच्याकडे बघत होते.

"बाबा, मी आज हा पॅनल काढते आणि उद्या नवा आणते. आणू ना?"

बाबांनी पापण्या मिटल्या. एकदा. घट्ट.

"राहू दे गं केतू," स्पीकर म्हणाला. "कशाला खटाटोप? माझं चाललंय की."

केतकीनं पुन्हा विचारलं. पुन्हा पापण्या एकदा मिटल्या, आणि यावेळी बराच वेळ मिटलेल्याच राहिल्या, कडांमधून पाणी आलं.

"आई, ते हो म्हणतायत."

"नाही म्हणतायत. ऐकू येत नाही का तुला?"

"डोळ्यांनी हो म्हणतायत."

"डोळ्यांचं काय घेऊन बसलीस!" आईचा आवाज चढला. "आता तोंडानं बोलतायत ना चांगले? त्यांचं तोंड आहे ते." तिनं रुमालानं बाबांचे डोळे पुसले, जरा जास्तच जोरात.

त्या क्षणी केतकीनं ठरवलं की हे यंत्र दुरुस्त होणार. पडदा असेल तर बाबा काय लिहितात ते अक्षर अक्षर डोळ्यांनी दिसेल, आणि मग डोळे खरे की स्पीकर खरा याचा एकदाचा निकाल लागेल. तिला भीती वाटली नव्हती. राग आला होता. दोन साधनांचं माप जुळत नसेल तर एक बिघडलेलं असतं, आणि तिच्या बाबांच्या बाबतीत ती हे गुळमुळीत राहू देणार नव्हती.

रजा संपली होती. तिनं पेचकसांचा डबा उघडला, पडद्याभोवतीची प्लास्टिकची चौकट नखानं सोडवली, पॅनल पुढे पाडून मागची केबल काढली. पॅनलच्या पाठीवर नंबर होता आणि केबलच्या टोकाला तीस पिनांचा सॉकेट. जुना पॅनल टॉवेलात गुंडाळून तिनं पिशवीत ठेवला, कारण या बाजारात नंबर सांगून भागत नाही, वस्तू दाखवावी लागते. लॅपटॉपचं झाकण आता नुसतं पोकळ राहिलं. आईनं तो तसाच उचलून स्टँडवर नेला.

"अगं, त्यात आता पडदासुद्धा नाही."

"त्यांना नाही लागत," आई म्हणाली.

दसऱ्याला बाजार बंद. दुसऱ्या दिवशी जनकपुरीला मेट्रो बदलून केतकी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात पोचली. रावणाच्या जळक्या कागदाचे कपटे अजून रस्त्यांवर उडत होते. जिन्याखालच्या एका गाळ्यात दुकानदारानं तिच्या पॅनलवर ओझरती नजर टाकली आणि मागून एक काढून दिला. "ये लग जाएगा, मॅडम. सेम टू सेम."

"भैया, ये चालीस पिन का है. मुझे तीस का चाहिए."

"अरे लग जाता है."

"नहीं लगता," केतकी म्हणाली. दुकानदार कुरकुरत पोटमाळ्यावर चढला.

तो वर असतानाच आईचा फोन आला. मागे स्पीकरचा आवाज ऐकू येत होता, शांत, समजूत घालणारा.

"केतू, हे म्हणतायत, तू नेहरू प्लेसला पोचली असशील. चाळीस पिनांचाच घे म्हणाले. तीसचा बसणार नाही."

केतकीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. घरात तिनं पिनांचं नाव काढलं नव्हतं. आईला पिन म्हणजे साडीची माहीत होती, आणि बाबांना यंत्रातलं इतकंच कळायचं की ते बंद पडलं की मुलीला बोलवायचं.

"आई, त्यांना कोणी सांगितलं पिनांचं?"

"ते काय अडाणी आहेत?" आई हसून म्हणाली. मग फोनपासून तोंड वळवून, "हो, सांगितलं तिला."

केतकीनं तीस पिनांचा पॅनल घेतला. दुकानातच तो त्यांच्या एका यंत्रावर चालवून पाहिला, काचेवर कुठे ठिपका नाही ना ते बघितलं, फोमच्या आवरणात बांधून छातीशी धरला आणि परतीच्या सगळ्या प्रवासात तो मांडीवरून खाली ठेवला नाही. शेजारच्या बाईनं "केक है क्या?" म्हणून विचारलं. केतकी नाही म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. बाबांनी मार्च-एप्रिलमध्ये मोडकंतोडकं लिहिलेलं तिला एकेक आठवत होतं. तेव्हा त्या चुकांचा तिला किती कंटाळा आला होता! आज त्यातली एक चूक ऐकायला मिळाली असती तर तिनं जीव ओवाळून टाकला असता.

घरी आली तेव्हा ऊन अजून बाल्कनीत होतं. ती चपला काढून तडक बाबांच्या खोलीत गेली, लॅपटॉप बंद केला आणि पट्टीसकट उचलला.

"जेव तरी आधी," आई म्हणाली.

"नंतर."

"केतू, त्यांना नकोय ते."

"मी बाबांना विचारलंय," केतकी म्हणाली आणि यंत्र जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं.

काम तसं कठीण नव्हतं. तिनं यंत्र पालथं केलं, खालचे स्क्रू काढून क्रमानं एका ताटलीत ठेवले, तळ उचकटला. चार्जर लावलेलाच नव्हता. बॅटरीचा पांढरा प्लग चिमटीत धरून अलगद बाहेर ओढला. आता या यंत्रात विजेचा थेंब नव्हता. आईचा मोबाइल समोर फ्रीजवर पडला होता. तिनं एक दीर्घ श्वास घेतला आणि नवा पॅनल फोममधून बाहेर काढला.

आतल्या खोलीतून आवाज आला.

"कुमुद, केतू फार चिडलीय का?"

केतकीचा हात हवेत राहिला.

"चिडली नाही हो," आई आत म्हणाली. "हट्टी आहे. तुमच्यावर गेलीय."

"असू दे. लहान आहे ती."

केतकीनं समोर पाहिलं. लॅपटॉपचं पोट उघडं होतं. बॅटरीचा प्लग बाजूला पडला होता. काळी पट्टी टेबलाच्या कडेला, तिच्या कोपराजवळ होती, आणि ती कशालाही जोडलेली नव्हती.

स्पीकर फक्त या यंत्राशी बोलत असे. तिनं स्वतः जोडला होता.

उठून आत जावं, असं तिला वाटलं. मग वाटलं, आत जाऊन करणार काय? आईसमोरून स्पीकर हिसकावणार? तो आवाज काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं, ठाऊक होण्याचा मार्गही दिसत नव्हता. एक गोष्ट मात्र तिच्या हातात होती आणि ती तिला येत होती.

तिनं पॅनल पालथा ठेवला. केबलचं टोक नखाएवढं असतं. सरळ रेषेत आत ढकलावं लागतं. हात हलला तर पिना वाकतात.

तिनं दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली.

"तीसचा बसणार नाही," आतून आवाज आला. आता तो आईशी बोलत नव्हता. जरा मोठा झाला होता.

टोक आत गेलं. बारीकशी टक् झाली. तिनं वरून चिकटपट्टी दाबली.

"बसला," केतकी मोठ्यानं म्हणाली.

आत एकदम शांत झालं.

चौकट बसवली. बॅटरी जोडली. ताटलीतले स्क्रू एकेक करून जागी गेले. बटण दाबलं. उजेड आला, भरपूर, स्वच्छ, एक डाग नसलेला उजेड. अक्षरं ओळीनं उभी राहिली.

ती यंत्र घेऊन आत गेली. आई पलंगाजवळ खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसली होती. "गप्प झाले बघ," ती म्हणाली. "मघापासून एक शब्द नाही. तू आवाज चढवलास ना."

केतकीनं लॅपटॉप स्टँडवर ठेवला, पट्टी लावली, पडदा बाबांच्या नजरेसमोर आणला. बाबांचे डोळे आधी दिपले. मग ते अक्षरांवर गेले आणि एवढे मोठे झाले की केतकीला क्षणभर त्यांच्या जिवाची भीती वाटली.

"सावकाश, बाबा. घाई नाही."

'म' उमटला. नजर घसरली, 'य' उमटला. तो पुसायला वेळ गेला. मग मात्रा. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण हे चुकणं तिच्या ओळखीचं होतं. हेच बाबा होते, धडपडणारे, खोडणारे, चिडणारे. आईही खुर्ची ओढून पुढे आली. अक्षरामागून अक्षर, खोडून, पुन्हा लिहून वाक्य पुढे सरकत होतं.

मे पासन ओरडतोय मी

बाबांची नजर 'बोल' या खुणेवर गेली. खूण हिरवी झाली. स्पीकर बोलला नाही. त्यांनी पुन्हा तिकडे पाहिलं. पुन्हा हिरवी झाली. पुन्हा. पुन्हा. स्पीकर गप्प होता.

"बाबा," केतकीनं विचारलं. स्वतःचा आवाज तिला लांबून ऐकू आला. "मे महिन्यापासून जे बोलणं होत होतं, ते तुम्ही बोलत होतात का?"

पापण्या दोनदा मिटल्या.

"एकदाही नाही?"

एकदा मिटल्या. हो, एकदाही नाही.

केतकीनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. थंडगार, जड, तिला लहानपणी नकाशावरच्या नद्या दाखवणारा हात. आपण सगळे या खोलीत बसून हसत होतो, श्रीखंड खात होतो, आणि हे इथेच पडून ओरडत होते. "मी आहे बाबा," ती म्हणाली. "आता मी आहे. हे दुरुस्त झालं. आता तुम्हीच बोलायचं."

तिनं आईकडे पाहिलं. आई रडत असेल, घाबरली असेल असं तिला वाटलं होतं. आई पडद्यावरचं वाक्य वाचत होती. दोनदा वाचून झाल्यावर तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसला.

"दमलेत ते," आई म्हणाली.

"आई, तू वाचलंस ना?"

"दमले की असंच करतात. आठवत नाही त्यांना." ती उठली. बाबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या तिनं पुसल्या नाहीत. तिनं स्टँडची कड धरली आणि पडदा हळूहळू फिरवला, बाबांच्या तोंडापासून दूर, भिंतीकडे, मग स्वतःच्या खुर्चीकडे. केतकीनं पुढे होऊन स्टँड धरला. आईनं सोडला नाही. म्हाताऱ्या हातांत एवढी ताकद असेल असं केतकीला कधी वाटलं नव्हतं.

"सोड, आई. त्यांना दिसू दे."

"सगळा जन्म मी यांचं 'ऐकलंस का' ऐकलं," आई अगदी हळू, समजावणीच्या सुरात म्हणाली. "आता कुठे कोणी माझ्याशी बोलतंय."

ती खुर्चीत बसली. उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला. पदर सारखा करून, लग्नातल्या फोटोत बसावं तशी ती नीट बसली.

"बोला हो," ती म्हणाली. "ऐकतेय मी."

पडद्यावरचं बाबांचं वाक्य मागून पुढे, एकेक अक्षर करत पुसलं गेलं.

"केतू," स्पीकर म्हणाला, प्रेमळ, बिनचूक. "जाताना दार ओढून घे."

केतकी हलली नाही. आईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती, काही नव्हतं.

"जा बाळा," ती म्हणाली. "बाबा सांगतायत ना."